पंधरा पौंडांची वाफ

कोल्हापुरात पाणी शंभर अंशांना उकळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणून पाण्याला ९८ अंश सेल्सिअसलाच उकळी फुटते. पन्हाळ्यावर गेलात तर ९७ लाच. चहावाल्याला यानं काही फरक पडत नाही. आमच्या खात्यात मात्र पडतो.

आमचं खातं म्हणजे सीएसएसडी, सेंट्रल स्टराइल सप्लाय डिपार्टमेंट. ऑपरेशनमध्ये वापरलेली अवजारं धुऊन, तपासून, बांधून, निर्जंतुक करून पुन्हा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पाठवायची, हे आमचं काम. आर्टरी फोर्सेप्स, कात्र्या, नीडल होल्डर, रिट्रॅक्टर, हाडाचं ड्रिल, सगळं एका दारातून रक्तानं माखलेलं आत येतं आणि दुसऱ्या दारातून बंद पाकिटात बाहेर जातं. या दोन दारांमधला रस्ता एकाच दिशेचा असतो. पेशंटचे नातेवाईक इकडे कधी फिरकत नाहीत, त्यामुळे ‘तुम्ही दवाखान्यात काय करता?’ या प्रश्नाला ‘भांडी घासतो’ असं उत्तर देऊन मोकळं होणारे सहकारी मला माहीत आहेत.

जुन्या लोकांनी शिकवलेला नियम असा, की १५ पौंडांवर १५ मिनिटं. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, काट्यावर दर चौरस इंचाला १५ पौंड दाब दिसला की आतली वाफ १२१ अंशांची, आणि त्या तापमानाला १५ मिनिटं पुरेत. पण काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. वाफेचं तापमान ठरतं एकूण दाबावरून. मुंबईत हवेचे पावणेपंधरा आणि काट्याचे १५ मिळून पावणेतीस पौंड होतात. कोल्हापुरात हवेचे पावणेचौदाच. म्हणजे काटा १५ वर असताना इथल्या वाफेचं तापमान १२० अंश. १२१ गाठायचं तर काटा जवळपास १६ वर न्यावा लागतो.

एका अंशानं काय होतंय, असं वाटेल. वाफेला सर्वाधिक दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंचा, म्हणजे टणक कवचातल्या त्यांच्या सुप्त रूपांचा, हिशेब असा, की तापमान १० अंशांनी उतरलं तर त्यांना मारायला दसपट वेळ लागतो. एका अंशाला सव्वापट. १५ मिनिटांचं काम १९ मिनिटांवर जातं. मोठ्या रुग्णालयातली नवी यंत्रं तापमान थेट मोजतात, दाबावर विसंबत नाहीत. ‘थोरला दवाखाना’ असो की राजारामपुरीतलं एखादं मोठं हॉस्पिटल, तिथं ही अडचण येऊ नये. अडचण येते ती दोन खाटांच्या नर्सिंग होममध्ये, जिथं कोपऱ्यात उभा जुना ऑटोक्लेव्ह असतो आणि भिंतीवर मुंबईच्या हवेचा नियम चिकटवलेला असतो.

वाफच का, हेही पाहू. भाकरी तव्यावर फुगते, एका जागी फुटते, आणि त्या फटीतली वाफ बोटाला लागली की फोड येतो. तेवढीच तापलेली कोरडी हवा मात्र हाताला क्षणभर सहज सोसते. कारण वाफ थंड वस्तूवर पडली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना एक ग्रॅम वाफ सव्वादोन हजार ज्यूलपेक्षा जास्त उष्णता तिथंच सोडून देते. एक ग्रॅम गरम पाणी एका अंशानं थंड झालं तर सुटतात फक्त चार. शिवाय ओलाव्यात जिवाणूंची प्रथिनं लवकर गोठतात. कोरड्या उष्णतेनं हेच साधायचं तर १६० अंशांवर दोन तास घालवावे लागतात.

पण वाफेला आड येते ती हवा. चेंबरमध्ये, गुंडाळलेल्या कापडाच्या घड्यांत, सक्शनच्या नळीच्या पोकळीत हवा अडकून राहिली, तर तिथं वाफ शिरतच नाही. गंमत अशी, की काट्याला हे कळत नाही. हवा आणि वाफ मिळून दाब पुरा भरतो, काटा समाधानी असतो, आणि तापमान मात्र मागं राहिलेलं असतं. जुन्या यंत्रात वाफ वरून सोडतात. ती हवेपेक्षा हलकी असल्यानं हवेला खाली ढकलून तळाच्या वाटेनं बाहेर काढते. नव्या यंत्रात आधी पंपानं हवा खेचतात, थोडी वाफ सोडतात, पुन्हा खेचतात, असं तीन-चार वेळा.

हवा खरंच गेली की नाही हे पाहायला एक चाचणी आहे, बॉवी-डिक. एडिनबरोच्या बॉवी आणि डिक या दोघांनी ती १९६३ साली मांडली. त्यांनी टॉवेलच्या घड्या एकावर एक रचून मध्ये रंग बदलणाऱ्या टेपची फुली लावली होती. आता तयार पॅक मिळतो. सकाळचा पहिला लोड टाकायच्या आधी रिकाम्या चेंबरमध्ये तो एकटा ठेवायचा, १३४ अंशांवर साडेतीन मिनिटं चालवायचा, आणि उघडून आतला कागद पाहायचा. कडेपासून मध्यापर्यंत सारखा काळा झाला तर ठीक. मध्ये फिकट डाग राहिला तर तिथं हवेचा बुडबुडा होता. मग यंत्र बंद, ओटीला फोन, आणि त्या दिवशी आपण कुणाचेच लाडके नसतो.

ही चाचणी एप्रिल-मे महिन्यात जास्त चुकते, हे कुणी पुस्तकातून शिकवत नाही. बऱ्याच यंत्रांतला व्हॅक्यूम पंप पाण्याच्या फिरत्या कड्यावर, म्हणजे वलयावर, चालतो. छतावरच्या टाकीतलं पाणी उन्हानं तापलं की पंपाच्या आत त्याचीच वाफ होते आणि पोकळी नीट होत नाही. पाणी थंड ठेवणं हा त्यावरचा इलाज. आमच्याकडे वीज आणि वाफ यांच्याबद्दल सगळे बोलतात, पाण्याबद्दल कुणी नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, उपसा केंद्रं बुडाली, आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. धुवायला, वाफेला, पंपाला, प्रत्येक पायरीवर स्वच्छ पाणी लागणाऱ्या खात्याला टँकरवर दिवस काढणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

मघापासून ज्यांचा उल्लेख करतोय ते बीजाणू मुळात माणसाला सापडले तेच डोकेदुखी म्हणून. पाणी उकळलं की सगळे जंतू मरतात, असा एकोणिसाव्या शतकात समज होता. १८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनंड कोन यांनी दाखवलं, की गवताच्या काढ्यातले काही जिवाणू स्वतःभोवती टणक कवच करून बसतात आणि उकळ्या पाण्यातूनही जिवंत बाहेर येतात. लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ टिंडाल यांचे प्रयोग नासत होते ते याच वाळल्या गवतापायी. तासन्‌तास उकळूनही काढा आंबायचा. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये दाबाखालच्या वाफेचं भांडं केलं, तोच आजच्या ऑटोक्लेव्हचा मूळपुरुष.

हे ज्ञान हाताशी असूनही काय होऊ शकतं, याचं आपल्याकडचं उदाहरण मुलकोवालचं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या त्या गावात प्लेगची लस टोचली. लस मुंबईत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली. एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचं पद गेलं. पुढे बाहेर आलं, की बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात, सौम्य जंतुनाशकात बुचकळून ते मरत नाहीत. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले, १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. नव्या मुलांना कामावर घेतल्यावर मी हा किस्सा सांगतो, कारण त्यात लस चांगली होती, बाटली चांगली होती, घात केला तो एका चिमट्यानं.

आता हिशेब. वाफेनं जंतू खरंच मेले का, या आमच्या चाचणीसाठी जो जिवाणू वापरतात त्याचं नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. माणसाला निरुपद्रवी, पण उष्णतेला कमालीचा चिवट. ५५ ते ६० अंशांत तो सुखानं वाढतो. एका पट्टीवर त्याचे १० लाख बीजाणू असतात असं धरा. १२१ अंशांच्या वाफेत दर दोन मिनिटांनी शंभरातले नव्वद मरतात. १० लाखांचे १ लाख, मग १० हजार, मग एक हजार. १२ मिनिटांनी सरासरी एक उरतो. त्याच्या पुढच्या दोन मिनिटांनी ‘एक दशांश’ बीजाणू उरतो, म्हणजे अशा दहा पट्ट्यांपैकी एकीवर एखादा जिवंत असेल. किती वेळ वाढवला तरी हा आकडा शून्य होत नाही. म्हणून निर्जंतुक म्हणजे काय, याची व्याख्याच अशी केली आहे, की दहा लाख वस्तूंत जास्तीत जास्त एकीवर जिवंत जंतू सापडण्याची शक्यता. १३४ अंशांवर हाच वेग सुमारे वीसपट होतो, म्हणून तिथं तीन-चार मिनिटांत भागतं.

या गणितातली पहिली ओळ फार महत्त्वाची आहे, सुरुवातीला किती होते ती. दहा लाखांऐवजी शंभरच असतील तर खेळ लवकर संपतो. आणि ती संख्या यंत्र कमी करत नाही, ब्रश करतो. माझ्या मते सीएसएसडीतलं सगळ्यात कौशल्याचं काम धुण्याचं आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात नव्या माणसाकडे देतात. रक्त वाळलं तर त्याच्या थराखाली वाफ पोचत नाही. पहिलं पाणी गरम घेतलं तर प्रथिनं तिथंच घट्ट बसतात, म्हणून ते थंड किंवा जेमतेम कोमट हवं. मग एन्झाइमच्या द्रावणात भिजवायचं, बिजागऱ्या उघडून, पाण्याखाली धरून घासायचं. पाण्याच्या वर घासलं तर तुषार आपल्याच तोंडावर येतात. बारीक पोकळ नळ्यांतून ब्रश आरपार घालायचा. त्यानंतर अल्ट्रासॉनिक, जिथं सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास कंपनं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार करतात आणि ते फुटताना खाचेतली घाण उखडतात. शेवटी आरओच्या पाण्यानं खळबळायचं, नाहीतर क्षारांचे डाग पडतात.

एक भांडण ओटीशी कायम चालतं. तिथं काही जण वापरलेली अवजारं सलाइनमध्ये बुडवून ठेवतात, वाळू नयेत म्हणून. हेतू चांगला, पण त्या मिठातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर भेदतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. त्या खड्ड्यात पुढं घाण बसते आणि ती कुठलाच ब्रश काढू शकत नाही.

उष्णता न सोसणाऱ्या वस्तू, काही प्लास्टिक, काही कॅमेरे, यांच्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्लाझ्मा असतो. वायू विषारी, कर्करोगकारक, शिवाय वस्तूत मुरतो, त्यामुळे नंतर तासन्‌तास हवा खेळवावी लागते. प्लाझ्मा तासाभरात उरकतो, पण त्यात कागद-कापड चालत नाही.

आता मूळ पेच. पाकीट निर्जंतुक झालं का, हे उघडून तपासलं तर उघडल्यामुळे ते निर्जंतुक राहत नाही. म्हणून पाकिटाला न छेडता पुरावे गोळा करावे लागतात. बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या, याचा अर्थ एवढाच की पाकीट यंत्रात जाऊन आलं. दाताच्या दवाखान्यात त्या रेघा पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी पाकिटाच्या आतली पट्टीही पाहायला मागावी. ती वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही पुरेशी मिळाल्याशिवाय रंग पुरा बदलत नाही. पाकीट ओलं निघालं तर ते बाद, कारण ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात. आणि सगळ्यांवर वरचढ पुरावा त्या बीजाणूंचा. लोडमध्ये त्यांची कुपी (बायॉलॉजिकल इंडिकेटर, म्हणजेच बीआय) ठेवायची, बाहेर काढून उबवायची आणि कुणी जगलं का पाहायचं. पूर्वी याला एक-दोन दिवस लागत. आता जिवंत बीजाणूच्या एन्झाइममुळे चमक उमटते का, हे यंत्र पाहतं आणि तासाभरात, काही कुप्यांत तर २४ मिनिटांत सांगतं. उत्तर वाईट आलं तर मागच्या चांगल्या निकालानंतरचे सगळे सेट परत मागवायचे. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर असतो आणि तोच पेशंटच्या फायलीत चिकटवतात, तो यासाठी.

साध्या सेटला एवढं थांबता येत नाही, पट्टी पाहून तो जातो. हाडात कायमची बसणारी प्लेट किंवा सांधा असेल तर मात्र कुपीचा निकाल आल्याशिवाय सोडू नये, असा दंडक आहे. तेवढ्यात ओटीतून सिस्टरांचा फोन येतोच.

‘दादा, प्लेटचा सेट द्या की ओ. सर हात धुऊन उभे आहेत.’

‘सिस्टर, बीआय लावलाय. अजून अकरा मिनिटं.’

‘सर चिडतील बघा.’

‘चिडू देत. अकरा मिनिटं.’