एक्यूआय १०० म्हणजे १०० मायक्रोग्रॅम नव्हे

रंकाळ्यावर सकाळी फिरून झालं, कट्ट्यावर टेकलं, की मोबाइल बाहेर निघतात. एकाच्या ॲपवर हवेचा आकडा १००, शेजारच्याच्या ॲपवर १५४. "भावा, तुझं ॲप गंडलंय." खरं तर गंडलेलं काहीच नसतं. समजा, घनमीटरभर हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, आहेत ६० मायक्रोग्रॅम. एका ॲपने त्याला भारतीय एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक लावला, दुसऱ्याने अमेरिकी.

मायक्रोग्रॅम हे माप आहे: त्या कणांचं घनमीटरमागे वजन. एक्यूआय हा त्या मापावरून दिलेला शेरा, त्याला एकक नाही. आपल्या तक्त्यात पीएम २.५ तीसपर्यंत असेल तर शेरा 'चांगली' आणि निर्देशांक ५० पर्यंत. साठला निर्देशांक १००, नव्वदला थेट २००. म्हणजे धूळ वाढली दीडपट, आकडा झाला दुप्पट! "काल शंभर होता, आज दोनशे, हवा दुप्पट बिघडली" हे गणित म्हणूनच चुकतं.

दुसरी भानगड याहून मोठी. भारतीय निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, पण त्यांची सरासरी काढत नाहीत. ज्याची अवस्था सगळ्यांत वाईट, त्याचाच आकडा फळ्यावर लागतो. आठ विषयांतल्या सर्वांत कच्च्या विषयावरून निकाल लावावा, तसं. त्यामुळे १५० हा एकच आकडा दोन वेगळ्या हवांचा असू शकतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेली जाड धूळ, पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) साधारण १७५ मायक्रोग्रॅम: निर्देशांक १५०. फडातला पाला पेटवल्यावर पसरलेला बारीक धूर, पीएम २.५ साधारण ७५: तरीही १५०. जाड धूळ बरीचशी नाका-घशात आणि वरच्या श्वासनलिकांत अडकते, बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. शिवाय अधिकृत निर्देशांकात धुळीची चोवीस तासांची सरासरी धरतात, त्यामुळे पहाटेचा तासभराचा धूर त्यात विरून जातो.

शहरांची हवा आणि आरोग्य यांचं नातं शोधणारे संशोधक म्हणूनच मायक्रोग्रॅम धरून बसतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या ८,१११ प्रौढांची १४ ते १६ वर्षं नोंद ठेवली होती. सर्वांत प्रदूषित स्ट्युबेनविलमध्ये पीएम २.५ ची सरासरी होती सुमारे ३०, सर्वांत स्वच्छ पोर्टेजमध्ये ११. सिगारेटसारख्या गोष्टींचा हिशेब वजा करूनही स्ट्युबेनविलमध्ये मृत्यूचा धोका २६ टक्के जास्त निघाला. आणि ३० मायक्रोग्रॅम आपल्या तक्त्यात 'चांगली'! आता, हा शेरा एका दिवसाचा आणि ती सरासरी वर्षानुवर्षांची, हे मान्य. म्हणून तर वार्षिक मर्यादा वेगळी असते: भारतात पीएम २.५ साठी ४०, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत फक्त ५.

आज फिरायला जावं की नाही, दम्याच्या माणसाने मास्क लावावा का, एवढ्याला एक्यूआय पुरतो. पण २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव आलं ते धुळीची मर्यादा ओलांडल्यामुळे, आणि त्या कार्यक्रमाचं लक्ष्यही धुळीचं प्रमाण घटवण्याचं आहे. तिथे हिशेब मागायचा तर वर्षाच्या सरासरीचा, मायक्रोग्रॅममध्येच मागायला हवा. पावसाळ्यातला एखादा हिरवा एक्यूआय तिथे चालणार नाही.

कट्ट्यावरच्या त्या दोघांनी आपापल्या आकड्यावर बोट टेकवलं असतं, तर बहुतेक खाली बारीक अक्षरांत दोघांनाही ६० च दिसला असता.