खेळणी व मुक्तखेळ, खानदेशातील

तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत कारखान्यातली खेळणी येण्यापूर्वी मुलांनी स्वतः घडवलेली खेळणी आणि मोठ्यांच्या देखरेखीवाचून रंगणारे खेळ. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे येथे अभिप्रेत आहेत. गोट्या, भोवरा, विटीदांडू, सागरगोटे हे खेळ सर्वपरिचित असल्याने त्यांचा येथे विस्तार केलेला नाही.

मातीच्या बैलाचे मूळ (खेळणे की पूजावस्तू) वादग्रस्त आहे. खानदेशाबाहेर, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही ब्राँझची चार शिल्पे मिळाली. तेथील सर्वांत खालचा थर ताम्रपाषाणयुगीन सावळदा संस्कृतीचा असून तिचे नाव तापीकाठच्या सावळदा गावावरून पडले; त्यामुळे हा प्रश्न खानदेशालाही लागू होतो. शिल्पे उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील (इ. स. पू. सुमारे २०००) असावीत, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर व एस. ए. साळी मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अगरवाल यांनी हा काळ शंकास्पद ठरवला. शिल्पे शास्त्रीय उत्खननात न मिळाल्याने ही शंका डावलता येत नाही. तरी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. एकत्रित वजन ६० किलोहून अधिक असल्याने ती मुलांची खेळणी नसावीत. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन स्थळी स्त्रीमूर्तीसोबत पुरलेला न भाजलेल्या मातीचा बैलही पूजेचाच दिसतो.

मात्र पूजावस्तू आणि खेळणे अशी कडक विभागणी खानदेशात टिकत नाही. श्रावण अमावास्येला, पोळ्याला, पाटावर पुजलेले मातीचे बैल पुढे मुलांच्या हाती येत आणि शिंगे मोडेपर्यंत अंगणात नांगरट करीत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईपुढे (पार्वतीच्या मातीच्या मूर्तीपुढे) गाणी म्हणत. पण खरी चुरस झाकलेली खिरापत ओळखण्यात असे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या फांदीला बांधलेला झोकाही गौराईच्या सणाचाच भाग.

कारागिरीच्या दृष्टीने ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी विशेष उल्लेखनीय आहे. वाळलेल्या धांड्याची साल नखाने सोलून तिच्या टोकदार काड्या करीत आणि आतल्या हलक्या, भुसभुशीत गाभ्याच्या तुकड्यांत खुपसून चाके, साटा व जू जोडीत. खिळा, दोरी, डिंक काहीच लागत नसे. साल धारदार असल्याने बोटे कापत. तिथे थुंकी किंवा माती लावून काम पुढे चाले. खळ्यावर कडबा रचला जाई तेव्हा हा माल फुकट आणि हवा तेवढा मिळे. सात-आठ वर्षांच्या मुलाला आस व चाक यांचा मेळ हातानेच उमगे, ही या खेळण्याची थोरवी होय.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा मुलांच्या खेळांत गलोल व लहान धनुष्यबाण प्रमुख होते.