लेयर ३ स्विचवरचं आंतर-व्हीलॅन राउटिंग

एकाच स्विचवर दोन व्हीलॅन (सेटिंगने वेगळी पाडलेली नेटवर्क) केली की त्यांतली मशिन्स एकमेकांशी बोलू शकत नाहीत, केबल शेजारशेजारच्या पोर्टला असली तरी. मग अकाउंट्सच्या पीसीला सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये जायचं तर मध्ये कोणालातरी राउट करावं लागतं, म्हणजे पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्यात न्यावं लागतं. ते काम बाहेरच्या राउटरऐवजी स्विचनेच केलं की ते लेयर ३ स्विचवरचं आंतर-व्हीलॅन राउटिंग; लेयर ३ म्हणजे आयपी पत्त्यांचा थर.

व्हीलॅनचं मूळ बहुतेक जण डेव्हिड सिंकोस्की यांच्याकडे नेतात. १९८०च्या दशकात बेलकोअर या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत ते इथरनेटवरून आवाज नेण्याच्या खटपटीत होते आणि त्यासाठी बरीच इथरनेट जोडून मोठं जाळं करायचं होतं. अडचण अशी की रेडिया पर्लमन यांचं स्पॅनिंग ट्री (साधारण १९८५) लूप (डेटा गोल फिरत राहणं) टाळायला जोडण्यांचं एकच झाड चालू ठेवतं, बाकी लिंक बंद, त्यामुळे सगळा ट्रॅफिक मुळाच्या स्विचवर तुंबतो. सिंकोस्की आणि चेस कॉटन यांनी १९८८ मध्ये अनेक झाडांची कल्पना मांडली, फ्रेमला (इथरनेटवरच्या डेटाच्या तुकड्याला) रंगासारखी खूण आणि प्रत्येक रंगाचं वेगळं झाड हा विचार त्याच वळणाचा. पण तिथे हेतू ट्रॅफिक वाटून देण्याचा होता, ऑफिसातले विभाग वेगळे ठेवण्याचा नाही, म्हणून आजच्या व्हीलॅनचा थेट पूर्वज म्हणणं जरा ताणल्यासारखं वाटतं. आजची पद्धत आयट्रिपलई ८०२.१क्यू (१९९८) या मानकापासून धरलेली बरी. यात फ्रेममध्येच ४ बाइटचा टॅग घुसतो, त्यातले १२ बिट व्हीलॅन नंबरचे, म्हणजे ४०९६ किमती, ० आणि ४०९५ सोडून ४०९४ वापरता येतात. सिस्कोची त्याआधीची स्वतःची पद्धत होती आयएसएल, ते अख्खी फ्रेमच गुंडाळायचं आणि ३० बाइट वाढवायचं.

स्विचमध्ये राउटिंग कधी शिरलं यावरही एकमत नाही. काही जण १९९६च्या इप्सिलॉनच्या आयपी स्विचिंगचं नाव घेतात, पण ते एटीएमवर (टेलिफोन जाळ्यांतून आलेलं जुनं नेटवर्क तंत्र) बसवलेलं होतं, लांब चालणारा फ्लो, म्हणजे दोन मशिन्समधला पॅकेटचा सलग ओघ, दिसला की त्याला शॉर्टकट काढून द्यायचं. त्याचा वारसा एमपीएलएसकडे (पॅकेटला लेबल लावून पुढे पाठवायची पद्धत) जास्त जातो. ऑफिसातल्या लेयर ३ स्विचला जवळचा धागा सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ५००० सारख्या चेसिसचा (कार्डं बसवायचा मोठा स्विच), राउटरचं कार्ड आत बसवायचं, फ्लोचं पहिलं पॅकेट राउटरने बघायचं आणि पुढची हार्डवेअरने ढकलायची. नंतर फॉरवर्डिंग टेबल आधीच भरून ठेवायची रीत आली आणि पहिल्या पॅकेटचं कौतुक संपलं.

आत घडतं ते नेहमीचंच राउटिंग. पीसी मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारा आकडा) लावून बघतो की पत्ता आपल्या सबनेटचा नाही, मग गेटवेचा, म्हणजे इथे स्विचचा, मॅक (हार्डवेअरचा पत्ता) एआरपीने विचारून फ्रेम त्याला देतो. स्विच टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने कमी करतो, दोन्ही मॅक आणि चेकसम बदलतो आणि पॅकेट नव्या व्हीलॅनमध्ये सोडतो, हे सगळं चिपमध्ये. राउटर-ऑन-अ-स्टिकमध्ये, म्हणजे बाहेरचा राउटर एका केबलने स्विचला जोडला तर, तेच पॅकेट त्या एकाच केबलवरून वर जाऊन खाली येतं, म्हणून गिगाबिट लिंक असेल तर सगळ्या व्हीलॅनमधला मिळून ट्रॅफिक एका गिगाबिटवर अडकतो.

सिस्को कॅटॅलिस्टवर सेटअप तसा चार ओळींचा. आधी ‘आयपी राउटिंग’ चालू करायचं, बऱ्याच मॉडेलवर ते मुळात बंद असतं. मग ‘इंटरफेस व्हीलॅन १०’ (त्या व्हीलॅनसाठी स्विचमधला आभासी पोर्ट), त्याला १९२.१६८.१०.१ असा पत्ता आणि मास्क, ‘नो शटडाउन’, तसंच पुढच्या व्हीलॅनला, आणि हेच पत्ते पीसींचे गेटवे. फायरवॉलकडच्या पोर्टला ‘नो स्विचपोर्ट’ करून (म्हणजे त्याला राउटरचा पोर्ट बनवून) पत्ता द्यायचा आणि डिफॉल्ट रूट, म्हणजे बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट, टाकायचा. जुनी ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ओळ राउटिंग चालू झाल्यावर कामाची राहत नाही, ती कॉन्फिगमध्ये दिसत राहते आणि लोक तिच्यावर विसंबतात. व्हीलॅन इंटरफेस डाउनच राहिला तर एकतर ती व्हीलॅन तयारच केलेली नसते किंवा तिच्यातला एकही पोर्ट चालू होऊन फॉरवर्डिंगला आलेला नसतो. परतीचा रूट फायरवॉलवर टाकायचा राहतो हे तर फारच नेहमीचं, व्हीलॅन आपापसात चालतात आणि इंटरनेट मात्र नाही. डीएचसीपी सर्व्हर (पीसींना आपोआप पत्ते देणारा) दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर पीसीची मागणी त्याच्याकडे पोचवायला ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ लागतो. कॅटॅलिस्ट २९६० च्या लॅन बेस आवृत्तीवर एसडीएम टेम्प्लेट (स्विचच्या मेमरीची वाटणी) बदलून रीलोड केल्यावर १६ स्टॅटिक रूटपुरतं राउटिंग मिळतं.

एचपी प्रोकर्व्हवर पत्ता थेट व्हीलॅनच्या आत देतात, ज्युनिपरवर त्यासाठी आयआरबी नावाचा इंटरफेस असतो.

राउटिंग चालू झालं की सगळ्या व्हीलॅन एकमेकांना मोकळ्या होतात, ‘व्हीलॅन केलंय म्हणजे सुरक्षित’ हा समज इथेच फसतो. अडवायचं तर व्हीलॅन इंटरफेसवर एसीएल (कोणतं पॅकेट सोडायचं, कोणतं अडवायचं याची यादी) लावायची, तिथे ‘इन’ म्हणजे त्या व्हीलॅनच्या मशिन्सकडून स्विचमध्ये येणारं, हे बरेच जण उलटं धरतात. साधी एसीएल कनेक्शन लक्षात ठेवत नाही, त्यामुळे परतीच्या ट्रॅफिकला वेगळी वाट द्यावी लागते, आणि खरंच कडक वेगळेपण हवं असेल तर त्या व्हीलॅनचा गेटवे स्विचवर न ठेवता फायरवॉलवरच ठेवलेला बरा. आयपीव्ही६ साठी ‘आयपीव्ही६ युनिकास्ट-राउटिंग’ वेगळं चालू करावं लागतं.