गॅझेटात छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं? राजपत्रामागची साडेतीनशे वर्षं

लग्नानंतर नाव बदलायचं असो, नाहीतर दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असो, कुणी ना कुणी सांगतंच, "आधी गॅझेट करून घे." मग फॉर्म, फी, फोटो, आणि काही दिवसांनी महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुनं नाव, नवं नाव अशी एक ओळ छापून येते. ते पान कधी नीट बघा, वर "गुरुवार ते बुधवार" असा आठवडा दिलेला असतो आणि इंग्रजी तारखेच्या शेजारी शके आणि मराठी महिनाही असतो. आपल्यापैकी बहुतेकांची राजपत्राशी ओळख एवढीच, पीडीएफ घेतली, बँकेत दिली, विषय संपला. पण याच राजपत्राच्या बाकीच्या भागांत कुणाची जमीन घेतली जाणार, कुठला नियम कधीपासून लागू, कुठल्या गावाचं नाव बदललं, हे सगळं छापलं जातं, आणि कायदा असं धरून चालतो की एकदा इथे छापलं की ते सगळ्यांना माहीत झालं. हे गृहीत धरणं आलं कुठून आणि त्याचा फटका कुणाला बसला, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

(आधी एक घोटाळा मिटवूया. गॅझेट आणि गॅझेटियर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याची किंवा प्रांताची माहिती देणारा ग्रंथ, त्यात नद्या, पिकं, जाती, बाजार, इतिहास सगळं असतं. आरक्षणाच्या बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात त्यामुळे गोंधळ होतो. इथे विषय फक्त राजपत्राचा आहे.)

तर गोष्ट सुरू होते १६६५ साली इंग्लंडमध्ये. लंडनमध्ये प्लेगने माणसं मरत होती म्हणून राजा दुसरा चार्ल्स आपला दरबार घेऊन ऑक्सफर्डला गेला. दरबाऱ्यांना बातम्या तर हव्या होत्या पण लंडनहून आलेल्या कागदाला हात लावायची भीती, असं सांगतात. म्हणून नोव्हेंबर १६६५ मध्ये तिथेच एक सरकारी बातमीपत्र निघालं, ऑक्सफर्ड गॅझेट, एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, आठवड्यातून दोनदा. साथ ओसरल्यावर दरबार परत गेला आणि २४ व्या अंकापासून, म्हणजे फेब्रुवारी १६६६ पासून, त्याचं नाव लंडन गॅझेट झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनला मोठी आग लागली, त्यात गॅझेटचा छापखानाही जळाला, एक अंक चुकला, पण १० सप्टेंबरला पुढचा अंक आला आणि त्यात त्या आगीचाच वृत्तांत होता! लंडन गॅझेट आजही निघतं.

सुरुवातीला त्यात लढाया, परदेशच्या बातम्या, जहाजं, हरवलेल्या वस्तूंच्या जाहिराती असं सगळंच असायचं. हळूहळू बातम्यांचं काम बाकीच्या वर्तमानपत्रांनी उचललं आणि गॅझेटकडे उरल्या त्या अधिकृत गोष्टी, नेमणुका, बढत्या, दिवाळखोरीच्या नोटिसा, पदकं. या पदकांच्या यादीत आपली माणसं पण आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याची अधिकृत नोंद लंडन गॅझेटातच आहे. घाडगे रायगडातल्या माणगावकडचे, जाधव अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या निमजचे.

भारतात ही पद्धत कंपनी सरकारबरोबर आली, १७८४ मध्ये कलकत्ता गॅझेट निघालं, त्यात कंपनीच्या नोटिसा छापल्या जायच्या. पुढे प्रत्येक इलाख्याचं स्वतःचं गॅझेट झालं आणि मुंबई सरकारच्या गॅझेटाचाच वारसा आजच्या महाराष्ट्र शासन राजपत्राकडे आला. चर्नी रोडचं शासकीय मुद्रणालय मुंबईकरांना यामुळेच माहीत असतं, इंटरनेटच्या आधी जुनी प्रत हवी तर तिथे जायला लागायचं.

गोव्याची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली आणि ती मला जास्त चटका लावते. जिथे १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला त्याच गोव्यात अठराव्या शतकात छपाईवर बंदी आली. पोर्तुगालमध्ये १८२० साली उदारमतवादी क्रांती झाली, त्याचे पडसाद गोव्यात उमटले, व्हाइसरॉयला पायउतार व्हावं लागलं, आणि मग कुठे डिसेंबर १८२१ मध्ये गॅझेटा दि गोवा हे साप्ताहिक निघालं. ते पण १८२६ मध्ये बंद पडलं. त्यानंतर १८३७ पासून सरकारी बुलेटिन सुरू झालं, ज्याला लोक अजूनही बोलेती म्हणतात, आणि ते नावं बदलत थेट १९६१ पर्यंत चाललं. गोव्यात कोमुनिदादच्या म्हणजे गावकीच्या जमिनीचा वाद आज कोर्टात गेला तरी १५ एप्रिल १९६१ च्या डिप्लोमा क्रमांक २०७० पर्यंत मागे जावं लागतं, मुक्तीच्या अवघ्या आठ महिने आधीचा कायदा, तोही पोर्तुगीजमध्ये. आपल्याच गावच्या जमिनीचा कायदा आपल्याला न येणाऱ्या भाषेत छापलेला असणं म्हणजे काय ते गोवेकरांना विचारा.

आता मूळ मुद्द्यावर. छापलंच नाही तर काय? याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या केसमध्ये दिलं. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूबद्दल एक कायदा ठराव करून केला आणि तो कुठेच प्रसिद्ध केला नाही, ना गॅझेटात ना दुसरीकडे. पंचवीस वर्षांनी त्याच कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि त्यांनी साफ सांगितलं की बंद दाराआड केलेला, लोकांना कळायला काही मार्गच नसलेला कायदा लोकांवर लादता येत नाही. दंड रद्द. माझ्या मते राजपत्र कशासाठी असतं हे यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

पण मग उलटी केस आली, आणि ती आपल्या मुंबईची. सोनं घेऊन भारतातून पुढे जाणाऱ्या प्रवाशांसाठी रिझर्व्ह बँकेने नियम कडक केला, सोनं विमानाच्या मालाच्या यादीत दाखवलंच पाहिजे असा. नोटिफिकेशनची तारीख ८ नोव्हेंबर १९६२, गॅझेटात छापलं २४ नोव्हेंबरला. २८ तारखेला सकाळी झुरिचहून मनिलाला जाणारं विमान सांताक्रूझला उतरलं, त्यात एक जर्मन प्रवासी, अंगातल्या जाकिटाच्या कप्प्यांत ३४ किलो सोनं, आणि तो विमानातून खाली उतरलाही नव्हता. हायकोर्टाने सोडलं. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की गॅझेटात छापलं ते पुरेसं आहे, परदेशातल्या माणसापर्यंत ते पोचलं का हे बघायची गरज नाही. शिक्षा मात्र तोपर्यंत भोगली तेवढीच ठेवली. तो माणूस तस्करच होता, त्याची बाजू घ्यायचं कारण नाही, पण चार दिवसांपूर्वी दिल्लीत छापलेला कागद झुरिचमध्ये कोण वाचणार हा प्रश्न खरा होता.

आणि हाच प्रश्न गावाकडे जास्त टोचतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची अधिसूचना गॅझेटात यायची आणि त्या तारखेचा बाजारभाव धरून मोबदला ठरायचा, म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत ज्या दिवशी ठरली तो दिवस अशा कागदावर, जो गावात कुणाच्या घरी येत नाही. कायद्यात गावात नोटीस लावायची तरतूद होती, स्थानिक पेपरात छापायची पुढे आली, पण ती गावातली नोटीस चावडीवर लागली का कुणी बघितली का यावरून कोर्टात किती वर्षं गेली असतील. २०१३ च्या नव्या कायद्यात कलम ११ ची अधिसूचना राजपत्राबरोबर दोन दैनिकांत (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं), ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात आणि वेबसाइटवर द्यायला सांगितलं ते याच अनुभवातून, आणि ते योग्यच झालं.

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताचं राजपत्र कागदावर छापणं बंद केलं, आता फक्त ई-गॅझेट. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ८ मुळे इलेक्ट्रॉनिक गॅझेटला छापील गॅझेटइतकीच मान्यता आहे. नोटाबंदीची ८ नोव्हेंबर २०१६ ची अधिसूचना, ती पण असाधारण राजपत्रातच (म्हणजे नेहमीच्या अंकाशिवाय वेगळा काढलेला अंक). म्हणजे टीव्हीवरच्या भाषणाने नोटा रद्द झाल्या असं आपण म्हणतो पण कायद्याने त्या रद्द झाल्या गॅझेटामुळे.

ई-गॅझेटमुळे एक नवीन गोष्ट घडली ती म्हणजे वेळ कळायला लागली. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के कस्टम ड्युटी लावली. अधिसूचना अपलोड झाली त्याच दिवशी रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. अटारी बॉर्डरवर काही व्यापाऱ्यांनी त्याआधीच मालाचे कागद दाखल केले होते, जुन्या दराने. कस्टमचं म्हणणं, तारीख तीच आहे ना, मग २०० टक्के भरा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला की अधिसूचना ज्या क्षणी ई-गॅझेटवर आली त्या क्षणापासून ती लागू, दिवसाच्या सुरुवातीपासून नाही. व्यापाऱ्यांना जुनाच दर लागला.