सनरूफ गळतं ते काचेतून नव्हे

पावसाळा लागला की गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते: सनरूफ गळतंय. कुणाच्या छताच्या कापडावर पिवळट डाग उमटलेला असतो. कुणी पायाखालचं मॅट उचललं तर खाली पाणी साचलेलं. कुणी जोरात ब्रेक दाबला की आरशाजवळच्या दिव्यातून थेंब टपकतात. यावर अनेक ठिकाणी एकच उपाय होतो, काचेच्या कडेनं सिलिकॉन भरून फट बुजवायची. पैसे जातात, काच कधीकधी सरकायचीच थांबते आणि पुढच्या मोठ्या सरीत पाणी पुन्हा आत येतं.

कारण काचेभोवतीचं रबर पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी बसवलेलंच नसतं. ही काच सरकते, तिरकी उचलली जाते, उन्हात तापून पसरते, खड्ड्यांत गाडीची बॉडी पिळवटते तेव्हा तिच्यासोबत किंचित हलते. अशा हलत्या जोडावर वर्षानुवर्षं पाणी शंभर टक्के अडवणं जवळजवळ अशक्य. म्हणून रचना करणाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला: रबर बहुतांश पाणी परतवेल, जे थोडं आत झिरपेल त्याला गोळा करून बाहेर काढायचं. काचेच्या खाली चारही बाजूंनी एक उथळ खाच असते. कौलारू घराच्या वळचणीला जशी पत्र्याची पन्हळ लावतात, तसंच तिचं काम. खाचेच्या कोपऱ्यांत भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला जोडलेली करंगळीएवढी नळी खांबाच्या पोकळीतून खाली उतरते. पुढच्या नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांतून येऊन बहुधा पुढचा दरवाजा आणि मडगार्ड यांच्यामधल्या जागेत उघडतात, मागच्या नळ्या मागच्या चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास. म्हणजे भर पावसात प्रत्येक सनरूफमध्ये पाणी शिरत असतं. नळ्या मोकळ्या असेपर्यंत गाडीमालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता थोडा हिशेब करू. तासाला 100 मिलिमीटर म्हणजे फार जोराचा पाऊस. अशा पावसात एक चौरस मीटर छतावर तासाला 100 लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे पावणेदोन लिटर पाणी पडतं. त्यातलं बहुतेक काचेवरून आणि छतावरून ओघळून जातं, खाचेत उतरतं ते थोडंच. दुसरीकडे 8 मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या तोंडाशी जेमतेम सेंटीमीटरभर पाणी साचलं, तरी ती मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी ओढून नेते. अशा चार नळ्या. पाऊस कितीही कोसळला तरी ही व्यवस्था पुरून उरावी, इतकी ती सढळ हातानं केलेली आहे.

मग बिघडतं कुठे? नळीच्या आतल्या व्यासात. 1840 च्या सुमारास प्वाझॉय या फ्रेंच डॉक्टरनं शरीरातला रक्तप्रवाह समजून घेण्यासाठी बारीक काचनळ्यांमधून पाणी सोडून मोजमापं घेतली. लांब नळीतून संथपणे वाहणारा द्रव व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाहतो, असं त्याला दिसलं. व्यास निम्मा झाला की प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्शावर येतो. नळीच्या भिंतीला गाळाचा थर चढू लागतो तेव्हा असंच होतं. बरेच महिने काहीच जाणवत नाही, आणि मग एका रात्रीच्या पावसात अचानक गाडीत पाणी.

गाळ कशाचा, हे बघायचं तर सनरूफ पूर्ण उघडून खाचेतून बोट फिरवा. बोटाला काळपट, चिकट लगदा लागतो. रस्त्यावरची धूळ, काच ज्यांवरून सरकते त्या रुळांना लावलेलं ग्रीस, मेलेले किडे, परागकण, आणि आपल्याकडे खास करून गुलमोहर आणि चिंचेची पर्णिका. सेंटीमीटरभर लांबीचं हे पानाचं तुकडं रबराच्या फटीतून सहज आत घसरतं आणि भोकाच्या तोंडावर आडवं बसतं. उन्हाळाभर गाडी अशा झाडाखाली लावली, सावली चांगली मिळाली म्हणून समाधान मानलं, तर जूनमधल्या पहिल्या पावसात त्याच पानांची धुळीबरोबर लापशी होऊन नळीत उतरते. कोकणात सुरूच्या बनाजवळ गाडी लावणाऱ्यांना सुरूच्या काड्यांचा असाच त्रास होतो.

नळीच्या खालच्या टोकाला अनेक गाड्यांत रबराची एक चपटी चोच असते. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, बाहेरून धूळ, किडे आणि हवा मात्र आत येऊ शकत नाहीत. कल्पना सुरेख, पण चिखल नेमका तिथेच सुकतो आणि चोचीचे ओठ चिकटून बसतात. वर कितीही सफाई केली आणि ही चोच तशीच राहिली तर काही उपयोग नाही.

गळतीची जागा शोधताना डाग फसवतो. पाणी पत्र्याला आणि वायरींना चिकटून, उलट्या पृष्ठभागावरूनसुद्धा दूरवर सरकतं, आणि छताचं कापड केशाकर्षणानं ते आडवं खेचून नेतं. म्हणून डाग एकीकडे आणि गळती दुसरीकडे, असं सर्रास होतं. त्यापेक्षा गाडी कशी उभी असताना पाणी आलं हे आठवून बघा. उतारावर नाक खाली करून उभी असताना गळली तर पुढच्या नळ्यांवर संशय घ्या, नाक वर असताना गळली तर मागच्या. फक्त डाव्या बाजूचा गालिचा भिजला असेल तर पुढची डावी नळी आधी तपासा. आणि पाऊस नसताना, एसी चालवल्यावर पुढे पायाशी पाणी येत असेल तर सनरूफचा काही संबंध नाही, एसीच्या पाण्याचा पाइप तुंबला आहे. वायपरखालच्या जाळीत पानं साचली तरी पाणी पुढच्या पायाशीच उतरतं. हे दोन्ही बघितल्याशिवाय छताचं कापड कुणाला खोलू देऊ नका.

खात्री करायला साधा कप पुरतो. गाडी सपाट जागी, सनरूफ उघडं, आणि एकेका कोपऱ्यात कपभर स्वच्छ पाणी अगदी सावकाश ओतायचं. दुसऱ्या माणसानं खाली वाकून बघायचं. नळी मोकळी असेल तर काही क्षणांत त्याच बाजूला खाली धार लागते. खाचेतली पातळी तशीच राहिली तर नळी तुंबलेली. पातळी भराभर उतरली, पण बाहेर थेंबही दिसला नाही, तर ओतणं लगेच थांबवा: नळी कुठेतरी निसटली किंवा फाटली आहे आणि पाणी गाडीच्या आत चाललं आहे.

तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी उत्तम. तिचं टोक आधी मेणबत्तीवर धरून गोल करून घ्यायचं, मग वरून हळूहळू आत सोडायची, अडली की थोडी मागेपुढे करत फिरवायची. लोखंडी तार घालू नये, वळणावर ती नळीला भोक पाडते. पंक्चरवाल्याकडच्या हवेचा झोत मारण्याचा मोह तर कटाक्षानं टाळा. वरच्या टोकाला नळी नुसती दाबून बसवलेली असते, जोराच्या हवेनं ती निसटते, आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी छताचं अस्तर खोलावं लागतं. नळी निसटलीच असेल तर ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावं. खांबांच्या आवरणामागे आणि छताच्या कडेला अनेक गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, तिथे घरच्या घरी पान्हे चालवणं धोक्याचं आहे.

रबराकडेही बघायला हवं, कारण ते जितकं नीट, तितकं खाचेत पाणी कमी. हे रबर बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम जातीचं असतं. ऊन आणि ओझोन त्याला फारसं बाधत नाही, म्हणून तर ते छतावर वापरतात. पण खनिज तेल ते शोषून घेतं, फुगतं आणि मऊ पडतं. त्यामुळे व्हॅसलीन, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस त्याला लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. रबर कायमचं दबून चपटं झालं असेल तर ते बदलणं हाच उपाय.

काही जण आंबोली, ताम्हिणीच्या बाजूला हौसेनं गाडी धबधब्याखाली उभी करतात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या पावसात निरोगी सनरूफ गळत नाही. धबधब्याचं गणित मात्र निराळं आहे. तिथे तासाला मोजायचं पाणी काही सेकंदांत, तेही वेगानं, एकाच जागी आदळतं. रबर दाबलं जातं, खाच भरते आणि नळ्यांना उसंत न मिळता पाणी कडेवरून छताच्या अस्तरात सांडतं. 2023 मध्ये एका धबधब्याखाली गाडीच्या छतातल्या स्पीकरमधून पाणी वाहतानाचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला. सर्व्हिसिंगमधला जोराचा फवारा काचेच्या फटीवर जवळून धरला तरी हाच प्रकार होतो, तेव्हा धुणाऱ्याला तेवढं आधीच सांगून ठेवावं.

गळती थांबली तरी आत गेलेलं पाणी आपणहून जात नाही. गालिच्याखाली फोमचा जाड थर असतो. त्याच्या बारीक छिद्रांत काही लिटर पाणी सहज मुरतं आणि वरून कापड कोरडं लागलं तरी खाली आठवडेच्या आठवडे टिकून राहतं. ओलसर उबेत दोन दिवसांत बुरशी धरू लागते, सकाळी काचा आतून धुरकटतात, आणि फोमखालून जाणाऱ्या वायरींचे जोड हिरवट पडून सेंट्रल लॉकिंग किंवा पॉवर विंडोचे न समजणारे बिघाड सुरू होतात. अनेक गाड्यांत विजेचं नियंत्रण करणारे मॉड्यूल डॅशबोर्डखाली किंवा सीटखालीच असतात. म्हणून सीट काढून, गालिचा उचलून, फोम दाबून पाणी काढून, पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत गाडी उघडी ठेवायची. मग गालिचा बसवण्याआधी चारही कोपऱ्यांत पुन्हा एकदा कपभर पाणी ओतून बघायचं.