मुखव्रण व हिरड्यांवरील बधिरक आणि स्तंभक औषधे

मुखव्रण व हिरड्यांवरील बधिरक आणि स्तंभक औषधे : तोंड आले असता किंवा हिरड्या सुजून दुखत असता जागेवरच लावायची अथवा चुळीवाटे वापरायची औषधे. बधिरके मज्जातंतूंच्या टोकांपासून निघणारा वेदनेचा संदेश काही मिनिटे थांबवतात. स्तंभके, म्हणजे आयुर्वेदातील कषाय (तुरट) रसाची द्रव्ये, पृष्ठभागावरील प्रथिने साकळवून उघड्या व्रणावर पातळ पापुद्रा धरतात. मूळ कारण दोन्हींनी जात नाही. १० मिमी.हून लहान असा नेहमीचा मुखव्रण ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतो. तेवढा काळ जेवणे, बोलणे व दात घासणे सुसह्य व्हावे एवढ्यासाठीच ही औषधे असतात.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १६) ६५ मुखरोग सांगितले आहेत : ओठांचे ८, दंतमूलाचे (हिरड्यांचे) १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ व सर्व मुखात पसरणारे ३. वाग्भटाने ही संख्या ७५ दिली आहे. स्थानिक उपचारांचे तीन प्रकार पुढील सर्व ग्रंथांत टिकून राहिले. तोंडातल्या तोंडात हलवता येणार नाही इतका द्रव भरून धरणे हा गंडूष, फिरवता येईल इतकाच घेणे हा कवल आणि कल्क (वाटलेला लगदा), चूर्ण किंवा मध बोटाने चोळणे हे प्रतिसारण. गंडूष डोळ्यांना व नाकाला पाणी सुटेपर्यंत धरावा असे सांगितले आहे.

या यादीतील ‘शीताद’ या दंतमूलरोगाची ओळख वादग्रस्त आहे. हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या काळपट, ओलसर, मऊ व दुर्गंधीयुक्त होतात आणि झडू लागतात, असे त्याचे वर्णन आहे. त्यावरून काही अभ्यासकांनी तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही मानला, तर इतर त्यात किटणामुळे होणारा हिरड्यांचा दाहच पाहतात. चिकित्सास्थानात (अध्याय २२) त्यावर रक्त काढून टाकणे, सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याचा रसांजनयुक्त (दारुहळदीचा घट्ट अर्क घातलेला) गंडूष आणि प्रियंगू, नागरमोथा व त्रिफळा यांचा लेप सांगितला आहे. भर सगळा जागेवरील उपचारांवर आहे. स्कर्व्हीत ठळक दिसणारे अंगावरील रक्ताचे चट्टे व सांधेदुखी यांचा वर्णनात मागमूस नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्रिफळ्यातील आवळ्याचा आधार पहिल्या मतासाठी घेतला जातो, परंतु येथे तो गिळायचा नसून लावायचा व चूळ भरून थुंकायचा आहे.

अक्कलकाऱ्याचा प्रश्न : बधिरता आणणारी वनस्पती म्हणून अक्कलकाऱ्याचे नाव दंतमंजनांपासून काढ्यांपर्यंत सर्वत्र आढळते, मात्र या नावाने किमान दोन वेगळ्या वनस्पती चालतात. ‘आकारकरभ’ हे ग्रंथांतील नाव चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत येत नाही. शार्ङ्गधरसंहितेत (बहुधा १३ वे–१४ वे शतक) ते आढळते व भावप्रकाशात (१६ वे शतक) स्थिरावलेले दिसते. हे द्रव्य म्हणजे उत्तर आफ्रिका व भूमध्यसागरी प्रदेशातील ॲनासायक्लस पायरेथ्रम या वनस्पतीचे मूळ असून ते अरबी वैद्यक व व्यापार यांच्याद्वारे भारतात आले असावे. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशातही आकारकरभ म्हणून हेच मूळ धरले आहे.

कोकणात व घाटमाथ्यावर ओल्या बांधांवर वाढणारा, पिवळ्या बोंडांचा अक्कलकारा मात्र ॲक्मेला (पूर्वीचे नाव स्पायलँथिस) प्रजातीतील आहे. त्याचे मूळ नव्हे तर बोंड चघळतात. परसात लावली जाणारी मोठ्या बोंडांची जाती दक्षिण अमेरिकी मूळची मानतात. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुलातील आहेत. एकीतील पेलिटोरीन व दुसरीतील स्पायलँथॉल ही रासायनिकदृष्ट्या एकाच वर्गातील अमाइडे असल्याने अनुभवही सारखाच येतो : आधी चुणचुण, मग भरपूर लाळ, नंतर जीभ व ओठ जड होणे. नाव एकाकडून दुसरीकडे गेले ते या साम्यामुळेच, हे मत पटण्यासारखे आहे. खरेदी करताना सोपी खूण अशी की, दुकानात वाळलेली, बोटाएवढी, तपकिरी मुळे मिळाली तर ती पहिल्या वनस्पतीची व पिवळी-तपकिरी बोंडे मिळाली तर ती दुसरीची.

लवंगेच्या तेलात युजेनॉल साधारण ७० ते ९० टक्के असते. ते किडलेल्या दातावर उपयोगी पडते. उघड्या व्रणावर निर्भेळ तेल लावल्यास मात्र त्वचा भाजते व व्रण वाढतो.

आधुनिक बधिरके : कोका पानांतून कोकेन १८६० च्या सुमारास वेगळे केले गेले. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचा वापर दाखवून दिल्यावर ते लवकरच दातदुखीच्या थेंबांतही आले. व्यसन व विषारीपणा यांमुळे पर्यायांचा शोध सुरू झाला. एडुआर्ट रिट्झर्ट यांनी १८९० मध्ये बनवलेले बेन्झोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आले. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेले लिग्नोकेन (लिडोकेन) १९४८ पासून वापरात आहे.

बेन्झोकेन पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून ते २० टक्क्यांपर्यंत तीव्र ठेवावे लागते व पृष्ठभागावरच राहते. परिणाम मिनिटाच्या आत सुरू होऊन १०–१५ मिनिटांत ओसरतो. लिग्नोकेनला २ ते ५ मिनिटे लागतात. मज्जातंतूच्या आवरणातून त्याचा विद्युत्‌भाररहित अंशच आत शिरतो. शरीराच्या नेहमीच्या ७.४ पीएचला (पीएच हे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) तो सुमारे एक चतुर्थांश असतो, तर सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या ऊतीत पीएच ६.४ पर्यंत उतरल्यास ३ टक्क्यांच्या आसपास येतो. पू धरलेल्या हिरडीवर जेल लागू पडत नाही त्याचे एक कारण हे. दुसरे कारण जाडीचे आहे : लेपाचा परिणाम २–३ मिमी.पलीकडे जात नाही आणि दातालगतची हिरडी व टाळू यांवरील केराटिनयुक्त (कठीण प्रथिनाचा) थर त्यालाही अडवतो. गालाच्या व ओठाच्या आतील बाजूस, जेथे नेहमीचे मुखव्रण होतात, तेथे हेच जेल चांगले लागते.

भारतात सर्रास मिळणाऱ्या तोंडाच्या जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट (८.७ ते ९ टक्के) व अल्प बेन्झाल्कोनियम क्लोराइड (जंतुनाशक) असते, काहींत २ टक्के लिग्नोकेनही घालतात. सॅलिसिलेट हे बधिरक नव्हे, दाहशामक आहे. लावताच क्षणभर झोंबते ते औषध खराब झाल्यामुळे नव्हे. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीशी धरून ठेवण्याची सवय मात्र सरळसरळ घातक आहे. आम्लाने तेथील त्वचा पांढरी पडून सोलवटते.

स्तंभके : टॅनिनचे रेणू प्रथिनांशी, विशेषतः लाळेतील प्रोलीनसमृद्ध प्रथिनांशी, बांधले जातात. सुपारी किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर तोंड आवळते ते यामुळे. व्रणावर हीच क्रिया झाली की साकळलेल्या प्रथिनांचा थर खालच्या मज्जातंतूंना झाकतो, केशवाहिन्यांतून पाझर कमी होतो व रक्त थांबते. देशी द्रव्यांत मायफळ सर्वांत तीव्र असून त्यात ५० ते ७० टक्के टॅनिन भरते. खैराचा कात, बाभूळ, बकूळ व जांभूळ यांच्या साली सौम्य. घरोघरी चघळला जाणारा जाईचा पाला याच परंपरेतला आहे. खदिरादि वटी व इरिमेदादि तेल यांतील मुख्य द्रव्ये, खैर व हिवर, हीसुद्धा कषायच.

दंतवैद्यांकडून दिल्या जाणाऱ्या ‘गम पेंट’मध्ये सामान्यतः टॅनिक आम्ल, झिंक क्लोराइड व सेट्रिमाइड (जंतुनाशक) हे ग्लिसरिनच्या आधारात असतात. सेट्रिमाइड धनभारित असल्याने टूथपेस्टमधील फेसकारी सोडियम लॉरिल सल्फेटशी जुळून निष्प्रभ होते. म्हणून पेस्टने दात घासणे आणि पेंट यांत अर्धा तास जावा लागतो. टॅनिक आम्लाचा लोहाशी संयोग काळा असतो. लोहाचे पातळ औषध चालू असताना दातांवर डाग पडतात ते त्यामुळे.

तुरटी भाजली की प्रथम स्वतःच्याच स्फटिकजलात वितळते व मग फुगून लाही होते. वजन सुमारे ४५ टक्क्यांनी घटते. लाही कच्च्या तुरटीहून तीव्र असल्याने तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट औषध येते, ही बाब घरगुती कृतींत क्वचितच लक्षात घेतली जाते. चुळीसाठी १०० मिलि. कोमट पाण्यात १ ग्रॅम तुरटी पुरे. द्रावण आम्लधर्मी असल्याने रोज वापरल्यास दातांची झिलई झिजते. टाकणखाराची लाही मधातून लावण्याचा प्रघात स्तंभनात मोडत नाही. टाकणखार सौम्य जंतुरोधक आहे.

वापराची पद्धत : जागा प्रथम कोरडी करावी लागते; लाळेवर लावलेले जेल गिळले जाते. कापसाने टिपून, वाटाण्याहून लहान ठिपका स्वच्छ बोटाने व्रणावर टेकवतात, चोळत नाहीत. जेवणाआधी ५–१० मिनिटे लावल्यास जेवता येते, मात्र बधिर ओठ किंवा गाल चावला जाण्याचा व गरम घास न कळण्याचा धोका असतो. घशापर्यंत बधिरता गेल्यास घास श्वासमार्गात जाऊ शकतो. गम पेंटचे काही थेंब बोटावर घेऊन हिरडीवर एक-दोन मिनिटे हलके चोळतात, थोडा वेळ ठेवून चूळ भरतात आणि अर्धा तास काही खात नाहीत. दातांवर किटण तसेच असेल तर पेंटने रक्त थांबते व दाह आत वाढत राहतो; आधी दात स्वच्छ करून घेणे हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

धोके : बेन्झोकेनमुळे क्वचित रक्तातील हीमोग्लोबिनचे मेथीमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारे रूप) होते. ओठ व नखे निळी पडतात, रक्त चॉकलेटी दिसते, ऑक्सिजन देऊनही रंग सुधारत नाही आणि बोटावरील ऑक्सिजन-मापक ८५ टक्क्यांच्या आसपास अडकतो. शिरेवाटे मेथिलीन ब्लू हा उतारा. जी-६-पीडी या विकराची उणीव असणाऱ्यांत तोही धोक्याचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांत बेन्झोकेन वापरू नये असे जाहीर केले. दात येताना लिग्नोकेनचा चिकट द्राव देऊ नये, असा इशारा त्याच संस्थेने २०१४ मध्ये दिला होता. २ टक्के द्रावाच्या एका चमच्यात (५ मिलि.) १०० मिग्रॅ. लिग्नोकेन असते, तर दर किलोस ४.५ मिग्रॅ. या मर्यादेने १० किलोच्या बालकाला ४५ मिग्रॅ. ही हद्द ठरते. ब्रिटनमध्ये २००९ पासून सॅलिसिलेटयुक्त जेल १६ वर्षांखालील मुलांना वर्ज्य आहे. राय लक्षणसमूहाची (मुलांत मेंदू व यकृत यांना इजा करणारा दुर्मिळ आजार) शक्यता हे कारण. टाकणखार व मध चोखणीला लावून दिल्याने तान्ह्या मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. वर्षाखालील बालकास मध मुळात देत नाहीत.

महाराष्ट्रात दातदुखीवर मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) हिरड्यांना लावण्याची चाल, विशेषतः स्त्रियांमध्ये, जुनी आहे. तिने दुखणे तात्पुरते दबते, परंतु तंबाखू हे मुखकर्करोगाचे सिद्ध कारण आहे. तीन आठवड्यांत न भरलेला, कडा टणक असलेला किंवा न दुखणारा व्रण लेप बंद करून दंतवैद्याला दाखवतात. तेथे संशयित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो.