कण्हेर: कोरड्या ओढ्यातलं झुडूप

भर उन्हात बाकीची झुडपं माना टाकतात, तेव्हा कण्हेर फुलांनी लगडलेली असते. त्यामुळे ती कोरड्या माळावरची असावी, असा समज होतो. तिचं खरं घर आहे नदी-ओढ्यांचं पात्र. भूमध्य समुद्राच्या काठापासून अरबस्तान, इराण आणि पुढे भारतीय उपखंडापर्यंत ती रानात उगवते, ती बहुतेक दगडगोट्यांच्या पात्रांत. पावसाळ्यात अंगावरून लोंढा जातो, मग कित्येक महिने वर पाण्याचा टिपूस नसतो. मुळं मात्र वाळूखालची ओल धरून असतात.

एक पान उलटं करून भिंगाखाली धरा. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक शिरांच्या समांतर रेघा दिसतील आणि त्यांच्या मधोमध फिकट ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक खळगा, आत पांढरट लव. पान ज्यांतून श्वास घेतं ती पर्णरंध्रं या खळग्यांच्या तळाशी, लवेआड दडलेली. वाऱ्याची झुळूक तिथवर पोचत नाही, म्हणून बाष्प सावकाश निसटतं. पानाच्या वरच्या बाजूला मेणाचा जाड थर, त्याखाली त्वचेच्या पेशींचेही एकावर एक थर. एवढ्याशा पानात पाणी राखण्याची ही तजवीज बघून मी दरवेळी थक्क होतो.

पान हाताळलंत तर हात मात्र धुवा. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यातलं ओलिअँड्रिन हे विष हृदयाच्या पेशींतले सोडियम-पोटॅशियम आत-बाहेर करणारे पंप अडवतं आणि ठोके बिघडतात. वाळलेली पानं जाळू नयेत, धूरही घातक असतो. गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत.

पिवळी कण्हेर म्हणतात ती वेगळी. दोघींचं कूळ एकच, पण पिवळीचं मूळ अमेरिकेतलं. तीही तितकीच विषारी.

ऊन, धूर आणि धूळ सोसते म्हणून कॅलिफोर्नियात महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर मैलोगणती लावली गेली. १९९०च्या दशकात तिथे झाडांची पानं कडेपासून करपू लागली. झायलेला नावाचा जिवाणू रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर झाडात शिरत होता आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या तुंबवत होता. बाहेरचा दुष्काळ पचवणारं झुडूप, मुळाशी पाणी असूनही, आतून तहानेनं वाळत गेलं. लागण झालेलं झाड बरं करणारा उपाय नाही.